जीभ टाळ्याला

"हलला! सरांचा हात हलला!"

शितोळे ओरडले आणि चिंचेखाली उभी असलेली आमची सगळी ओळ डोळे उघडून वळली. खरं तर त्या वेळी कुणी ब्र काढायचा नव्हता. गुडघे जरासे वाकवायचे, मोठं कलिंगड कवेत घेतल्यासारखे दोन्ही हात छातीसमोर गोल धरायचे आणि झाडासारखं उभं राहायचं. जीभ वर टाळ्याला लावायची. अंगातली ची, म्हणजे प्राणशक्ती, पाठीच्या कण्यातून वर चढते, डोक्यावरून पुढे येते आणि जिभेवरून खाली उतरते, असं आम्हाला शिकवणाऱ्या म्हापसेकरांचं सांगणं होतं. बोललात की वाट तुटली आणि ची मध्येच अडकली. शितोळ्यांची त्या दिवशी नक्कीच कुठेतरी घशाशी अडकली असणार.

पण सरांचा हात खरंच हलत होता. उजवा. अंगठा आणि तर्जनी तंबाखू मळावी तशी एकमेकांवर घासली जात होती आणि मनगट बारीक थरथरत होतं. सर मात्र डोळे मिटून उभेच. चेहऱ्यावरची एक रेघ इकडची तिकडे नाही.

सर म्हणजे माझे यजमान, मोरेश्वर गुळवणी. सांगलीत सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही घराबाहेर सरच म्हणायची. घरात 'अहो'. आयुष्यभर त्यांनी भूमिती शिकवली, आणि गावात त्यांची ख्याती होती ती हाताने काढलेल्या गोलाची. कंपास नाही, दोरी नाही. फळ्याशी उभं राहून खडू टेकवायचा आणि एका झटक्यात वर्तुळ. सुरुवात जिथे झाली तिथेच शेवट. मग एखाद्या मुलाला बोलावून लाकडी कंपास हातात द्यायचा आणि म्हणायचं, "चूक दाखव, तुला उद्यापासून गृहपाठ नाही." त्यांच्या नोकरीत एकाही मुलाचा गृहपाठ सुटला नाही.

म्हापसेकर सावकाश सरांजवळ गेले. हे गृहस्थ जहाजावर चीफ इंजिनियर होते. चीनच्या कुठल्याशा बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीला महिनोन्महिने अडकलं, तेव्हा समोरच्या बागेतल्या एका म्हाताऱ्याकडे ते हे चीगोंग शिकले. निवृत्त होऊन सासुरवाडीला, म्हणजे सांगलीला, स्थायिक झाले आणि नदीजवळच्या बागेत रोज सकाळी आम्हा रिकामटेकड्यांना फुकट शिकवायला लागले. त्यांनी सरांचा हात बराच वेळ निरखला. मग सरांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. सरांनी डोळे न उघडताच हळू आवाजात काहीतरी उत्तर दिलं.

म्हापसेकर सरळ झाले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "घाबरायचं नाही. अंग पूर्ण सैल पडलं की ची आपली वाट आपण शोधते. मग हात हलतो, पाय हलतो. याला आपसूक हालचाल म्हणतात. आपण हलवायचं नाही, आणि हललं तर थांबवायचं नाही."

"किती वर्षं लागतात ओ याला?" शितोळ्यांनी विचारलं.

"कुणाला वीस लागतात. कुणाला लागतच नाहीत."

भालबा शितोळे निवृत्त नायब तहसीलदार. आमच्यात सगळ्यांत जुने, सगळ्यांत नियमित. पायात पांढरे बूट, डोक्याला पट्टी. सर येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. शितोळ्यांनी सरांच्या हाताकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली आहे.

घरी येताना मी विचारलं, "म्हापसेकर कानात काय म्हणाले?"

"श्वास लांब घ्या म्हणाला."

"एवढं सांगायला कानात कशाला?"

"जन्म इंजिनरूममध्ये गेलाय त्याचा. मोठ्यानं बोलला तर चिंचा पडतात."

आता सरांचं या वर्गात येणं हेच मुळात नवल होतं. आधी जात होते ती मी, गुडघ्यांसाठी. सरांनी माझी यथेच्छ टिंगल केली होती. मी पहाटे निघाले की पांघरुणातून आवाज यायचा, "चीनच्या बादशहाला माझा नमस्कार सांग." ची कुठे साठवतात हे मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "बेंबीखाली? तिथं तर तुझी पुरणपोळी साठलीय." एकदा मी अभ्यास न मिटताच घाईने घरी आले. म्हणजे शेवटी दोन्ही तळहात पोटावर ठेवून ची गोळा करायची असते, ती न करता. त्या दिवशी नेमकं दूध उतू गेलं. सरांनी ते महिनाभर येईल त्याला सांगितलं.

आणि हेच सर दिवाळीनंतर एका सकाळी कॅनव्हासचे बूट घालून दारात माझ्या आधी उभे. म्हणाले, "चल, बघू तरी तुझा बादशहा काय म्हणतो."

शितोळे ओरडले त्या सकाळनंतर वर्गाला सरांच्या हाताचं वेडच लागलं. लोक आले की आधी सरांना नमस्कार, मग म्हापसेकरांना. निर्मलाताई पट्टणशेट्टी, त्यांचं पेठेत साड्यांचं दुकान होतं, त्या सरांच्या शेजारची जागा पकडायला दहा मिनिटं लवकर येऊ लागल्या. म्हणायच्या, "शेजारी उभं राहिलं की आपल्यालाही थोडी मिळते." एकदा मध्येच हात वर करून म्हणाल्या, "म्हापसेकर, माझं पोट गुडगुडतंय. ही ची का?"

"काल जेवायला काय होतं?"

"भरलं वांगं."

"मग ते वांगं आहे. जीभ टाळ्याला लावा."

शितोळ्यांनी तर जिवाचं रान केलं. आधी दात-ओठ आवळून हात हलवायचा प्रयत्न झाला. म्हापसेकर म्हणाले, "सैल सोडा." मग इतके सैल सोडले की एकदा मागे झुकून झाडाच्या बुंध्यावर आपटले. सर काय खातात, कोणत्या कुशीवर झोपतात, आंघोळ आधी करतात की नंतर, सगळी चौकशी माझ्याकडे झाली.

"वहिनी, खरं सांगा. सर घरी गुपचूप काय तरी ज्यादा करतात."

"करतात की. शब्दकोडं सोडवतात."

दुसऱ्या दिवसापासून शितोळे शब्दकोडं सोडवायला लागले.

जोडीच्या अभ्यासात तर सरांसाठी भांडणंच व्हायची. या अभ्यासात दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या मनगटाला मनगट टेकवायचं. एकाने हळूच ढकलायचं. दुसऱ्याने अडवायचं नाही, पण मनगट सोडायचंही नाही. आधी मागे झुकायचं, मग वळायचं, मग आपण ढकलायचं. असं चालू राहिलं की दोघांचे हात मिळून हवेत गोल फिरायला लागतात. शितोळे सरांच्या मनगटाला मनगट लावून भक्तिभावाने उभे राहत आणि म्हणत, "सर, सोडा की थोडी माझ्यात."

"सोडतोय," सर गंभीरपणे म्हणत. "पण तुमच्याकडे जागा कुठंय? सगळी शब्दकोड्यांनी भरलीय."

नवरा-बायकोची जोडी म्हापसेकर कधी लावत नसत. तो त्यांचा पक्का नियम होता. "नवरा-बायको झुकत नाहीत. दोघंही ढकलतात. मी बायकोबरोबर करून बघितलंय, शेवंतीच्या वाफ्यात पडलो." मीही लगेच म्हणायची की घरात काय कमी ढकलाढकली आहे. त्यामुळे सरांच्या त्या नामांकित हाताला सगळ्या वर्गाने हात लावला होता, फक्त मी सोडून.

हे सगळं मी हसत हसत पाहत होते आणि सांगतेही आहे हसत. पण मला माहीत होतं.

माझ्या थोरल्या मामांना कंपवात होता. अंगठा आणि बोट तसंच मळायचं, चेहरा तसाच थिजायचा. आणि सरांचं ते मी चिंचेखाली पाहिलंच नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी, घरी, चहाच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं. सरांना चहा बशीत ओतून प्यायची सवय. पिताना असा फुर्र आवाज काढायचे की शेजारच्या घरात कळावं, गुळवण्यांकडे चहा झाला. लग्नापासून मी त्यावर बोलत आले. पाहुण्यांसमोर तरी नको, मुलीच्या सासरी तरी नको. कशाचा उपयोग नाही. आणि एक दिवस त्यांनी आपणहून बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "उद्यापासून स्टीलच्या मगात दे. अर्धाच भर. बशी म्हणजे गावंढळपणा."

माझं एवढ्या वर्षांचं म्हणणं असं एका दिवसात मान्य झालं, तेव्हाच मला मामा आठवले.

मग ते पेन्शनच्या कामाला म्हणून पुण्याला जाऊन आले. एकटेच. पेन्शनचं कोणतंही काम पुण्याला नसतं हे मलाही ठाऊक होतं, पण मी डब्यात थालीपीठ दिलं आणि काही विचारलं नाही. ते बोलत नव्हते, म्हणजे त्यांना बोलायचं नव्हतं. मी बोलले असते तर त्यांना माझ्यासमोर आजारी व्हावं लागलं असतं. म्हणून मी अर्धाच मग भरत राहिले. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो हे दिसलं, तेव्हा त्यांचे शर्ट इस्त्री करून वरची दोन बटणं सोडून बाकीची लावूनच हँगरला अडकवायला लागले. ते डोक्यातून घालत. एक शब्द कुणी काढला नाही.

वर्गाला एक वर्ष झालं, म्हणून कार्यक्रम करायचं ठरलं. शितोळ्यांचाच उत्साह. सभागृह मिळालं ते सरांच्याच जुन्या शाळेचं, आणि पाहुणे म्हणून ठरले सन्मती आडमुठे, हळदीचे मोठे व्यापारी आणि सरांचे विद्यार्थी. आधी म्हापसेकर फळ्यावर ची कशी फिरते ते समजावणार, मग आम्ही सगळे स्टेजवर उभे राहणार, आणि मधोमध सर.

"तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा," मी घरी म्हटलं.

"का?"

"उंच आहात. पुढच्यांना झाकाल."

"अगं, पुढचे माझाच हात बघायला येणार. शितोळ्यानं तसं पत्रकात घातलंय."

खरं कारण मला सांगता येईना. सगळ्या गावातून त्यांचे विद्यार्थी येणार होते. शेजारी मिरज, तिथे डॉक्टरांना तोटा नाही, आणि त्यांतले निम्मे सरांच्या हाताखालून गेलेले. त्यांतल्या एकाने जरी हात पाहून शेजाऱ्याला खूण केली असती, तर त्या सभागृहात सरांचे सर राहिले नसते, आजारी म्हातारा झाले असते. सरांना कुणी 'अरेरे' म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. तोवर मला वाटत होतं की ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्यांना वाटत होतं की मलाही ठाऊक नाही.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. म्हापसेकरांनी फळ्यावर माणसाची आकृती काढून ची वर चढवली, खाली उतरवली. मग आम्ही उभे राहिलो. मी मागच्या रांगेत, सरांच्या तिरकी मागे. सरांचा हात थोड्याच वेळात हलायला लागला, आणि शितोळ्यांनी पहिल्यांदाच जीभ टाळ्याला ठेवून, नुसत्या भुवयांनी, प्रेक्षकांना तो दाखवला. लोकांनी "वा" केलं. मी पोटावर तळहात ठेवून अभ्यास मिटला आणि सुटकेचा श्वास टाकला. निभावलं, असं मला वाटलं.

पाहुणे भाषणाला उठले. आडमुठे अंगाने भरलेले, सफारीतले, बोलायला मोकळे.

"आता चीचं मला काय कळत नाही," ते म्हणाले. "पण सरांचा हात मला चांगला ठाऊक आहे. नववीत असताना मी आईची बांगडी खिशात घालून आणली. सरांची नजर चुकवून वहीत बांगडी ठेवली, गोल काढला आणि ओरडलो, सर, मलाबी जमला! सर आले. वही बघितली. म्हणाले, आडमुठे, गोल छान आहे, पण आईला बांगडी परत दे, हात रिकामा दिसतोय तिचा."

सभागृह हसलं. सरही हसले.

"तर सर," आडमुठे वळले, फळा पुसायला लागले, म्हापसेकरांचा माणूस पाय वगळता सगळा पुसून टाकला त्यांनी, आणि खडू पुढे केला. "एकदाच. आमच्यासाठी. तो गोल काढा."

"सर! सर!" मागून टाळ्या सुरू झाल्या. सगळी मोठी माणसं, टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, शाळेतल्या पोरांसारखी बाकांवर हात आपटत होती. सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी खडू घेतला आणि फळ्याशी गेले.

खडू टेकला आणि टक टक टक असा आवाज यायला लागला. रेघ उमटेचना. खडू एकाच जागी फळ्यावर वाजत होता.

"बघा, बघा!" शितोळे अभिमानाने म्हणाले. "अजून जोर आहे चीला!"

कुणी हसलं नाही. टाळ्या विरल्या. दुसऱ्या रांगेत एकाने चष्मा सारखा केला आणि शेजाऱ्याकडे झुकला. सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, सोडलं, पुन्हा खडू टेकवला. टक टक टक. त्यांची मान मला मागून दिसत होती. कॉलरवर घामाची रेघ आली होती. माझ्या आयुष्यात मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. म्हापसेकर पुढे व्हायला निघालेले मला दिसले, पण तोवर मी रांग मोडून निघाले होते.

मी सरांच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिले आणि माझं मनगट त्यांच्या मनगटाला बाहेरून टेकवलं. शिवणयंत्र चालू असताना त्यावर हात ठेवला की जाणवते तशी ती थरथर होती. एवढे दिवस मी ती फक्त पाहिली होती.

"कुमुद," सर ओठातल्या ओठात म्हणाले, "जागेवर जा."

मी जीभ टाळ्याला लावली.

"जा म्हणतो ना."

आणि त्यांनी मला झटकायला हात उजवीकडे ढकलला. नवऱ्याने ढकललं की मी आजवर कधी माघार घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. मागे झुकले, पण मनगट सोडलं नाही. खडू फळ्यावर होताच, त्यामुळे वरून उजवीकडे पांढरी कमान उमटली. सर त्या कमानीकडे पाहतच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय करायचं ते त्यांना भूमितीच्या माणसाला समजायला हवं तेवढ्याच वेळात समजलं. मी वळले, खाली नेलं, ते झुकले. त्यांनी डावीकडे ओढलं. मी मागोमाग गेले. माझ्या बांगड्या फळ्यावर खुळखुळत होत्या. खडू वर चढला, अडखळला, पुन्हा चढला, आणि जिथून निघाला होता तिथे जवळपास येऊन थांबला.

गोल कसला, माझ्या घाईतल्या पोळीसारखा झाला होता. रेघ सगळीकडे नागमोडी, आणि दोन टोकं बोटभर चुकलेली.

सर प्रेक्षकांकडे वळले. मनगट अजून माझ्या मनगटाला टेकलेलंच होतं.

"आडमुठे," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले, "ओळखलास? आज मीही बांगडी वापरली."

जो हशा उसळला तो थांबेचना. आडमुठे डोळे पुसत होते. हसून की कशाने, मी नीट पाहिलं नाही. दुसऱ्या रांगेतला तो चष्मेवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता. एकही 'अरेरे' ऐकू आलं नाही. शितोळे तर सगळ्यांना सांगत सुटले की नवरा-बायकोनं जोडीनं ची काढल्याची ही भारतातली पहिलीच वेळ.

रिक्षात बसताना म्हापसेकर जवळ आले. "वहिनी, नियम मोडलात."

"मोडला."

"बरं केलंत," ते म्हणाले आणि नाक शिंकरत निघून गेले.

घरी आल्यावर सर खुर्चीत बसले आणि मी चहा टाकला. कपाटात मागे ढकललेली बशी काढली, विसळली आणि कपाखाली ठेवून त्यांच्यासमोर आणली. काठोकाठ भरलेला कप.

सर बशीकडे पाहत राहिले. "कधीपासून?"

"बशी सोडलीत तेव्हापासून."

"म्हणजे पुण्याच्या डॉक्टरनं मला सांगायच्या आधीपासून?"

"त्याला फी द्यायची काय गरज होती? मला विचारायचं."

"गोळ्या चालू आहेत," ते म्हणाले. "तुला दिसू नयेत म्हणून मी—"

"आवळासुपारीच्या बरणीत. माहीत आहे. ती बरणी सारखी मागे जायची, मग मीच रोज पुढे ओढून ठेवायची. तुम्हाला वाकायला नको म्हणून."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होते की काय ते कळेना. मग म्हणाले, "आणि एवढे दिवस बोलली नाहीस? तू?"

"जीभ टाळ्याला लावली होती."

आता मात्र ते खरंच हसले. हसता हसता डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"त्या म्हापसेकरला पहिल्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "शितोळे ओरडला तेव्हा. कानात म्हणाला, सर, आमच्या कप्तानाला हेच होतं, लोकांना काय सांगू? मी म्हटलं, तुझं ते चीनचं काहीतरी सांग." ते आपल्या हाताकडे पाहत होते. तो मांडीवर आपलं मळणं मळत होता. "बाहेर कुठंही हा हात खिशात घालून फिरत होतो मी, कुमुद. दुकानात, बँकेत, देवळात. तिथं चिंचेखाली तेवढा बाहेर काढता यायचा. लोक त्याच्याकडे बघून वा म्हणायचे. दुसरं कोण म्हणणार होतं?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

"सगळ्यांना सांगायला हवं आता," ते म्हणाले.

"शितोळ्यांना काय वाटेल?"

"त्याला सगळ्यांत शेवटी सांगू. त्याची ची आत्ता कुठं करंगळीपर्यंत आलीय."

चहा निवत चालला होता. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि कपातला चहा बशीत ओतला. त्यांनी उजव्या हाताने बशीची कड धरली. मी समोरची कड धरली. बशी थरथरायला लागली आणि चहाला लाटा आल्या. त्यांनी ओढली, मी झुकले. थोडा टेबलावर सांडला, थोडा त्यांच्या विजारीवर. कुणी पुसायला उठलं नाही. बशी हळूहळू वर गेली, ओठाला लागली आणि सरांनी असा लांबलचक फुर्र आवाज काढला की शेजारच्या घरात नक्की कळलं असेल, गुळवण्यांकडे चहा झाला.

मी काही बोलले नाही. दिवाळीपासून मी त्या आवाजाची वाट पाहत होते.